कमानी धारेचा वस्तरा : एका विद्येचा इतिहास

आपल्या नाभिक समाजातील अनेक जुन्या घरांत, माळ्यावर अथवा एखाद्या पत्र्याच्या पेटीत, वाडवडिलांची धोकटी अजून ठेवलेली आढळते. कातडे सुकून कडक झालेले, आरशाचा पारा उडालेला, नराणीला गंज चढलेला, आणि या सर्वांच्या तळाशी एकदोन वस्तरे, असे तिचे रूप असते. घराची डागडुजी निघाली किंवा भावाभावांत वाटणी झाली, म्हणजे ती बाहेर येते. तरुण मंडळी वस्तरा उघडून पाहतात. धार सरळ रेषेत नाही, मध्यभागी किंचित पुढे आलेली आहे, असे दिसताच ‘पाते झिजून वाकडे झाले’ असा निवाडा दिला जातो. मग तो वस्तरा मोडीच्या भावाने जातो. क्वचित एखादा हौशी गृहस्थ ती धार यंत्राच्या चाकावर धरून सरळ करून आणतो, आणि त्या घर्षणाच्या उष्णतेने पोलादाचे पाणी उतरून पाते कायमचे निकामी होते. मोडीत गेलेल्या वस्तऱ्याहून या दुसऱ्या वस्तऱ्याची दशा अधिक शोचनीय म्हटली पाहिजे. कारण तो घरात राहूनही गेल्यासारखाच असतो.

ही कमानी धार दोष नव्हे, हे समाजबंधूंच्या नजरेस आणून द्यावे, एवढ्यासाठी आम्ही हा लेख लिहिण्यास घेतला आहे. अशी धार सरळ करावयाची नसते. पथरीवरील हाताने तिच्या वळणामागून जावयाचे असते. हे हाताचे वळण म्हणजेच आपल्या पूर्वजांची विद्या होय. ती ग्रंथात लिहिली गेली नाही, म्हणून तिला विद्या म्हणण्याचे आपणच विसरलो आहोत.

प्रथम या हत्याराच्या प्राचीनतेचा थोडा विचार करू. वस्तऱ्यास संस्कृतात ‘क्षुर’ अशी संज्ञा आहे व ती ऋग्वेदाइतकी जुनी आहे. ऋग्वेदाच्या आठव्या मंडलात देवाकडे ‘आमची बुद्धी तीक्ष्ण कर’ अशा अर्थाची जी याचना आहे, तीत धार लावल्या जाणाऱ्या क्षुराची उपमा योजिली आहे. अथर्ववेदात क्षुराने केस व दाढी काढणाऱ्यास ‘वप्ता’ म्हटले आहे. कठोपनिषदाने आत्मज्ञानाच्या मार्गाचे दुर्गमत्व सांगताना क्षुराच्या धारेचीच उपमा घेतली, हे तर सर्वश्रुत आहे. ज्या काळी ऋषींना सूक्ष्मतेचा व तीक्ष्णतेचा दाखला हवा असे, त्या काळी त्यांची दृष्टी नाभिकाच्या हातातील पात्याकडे वळे, एवढे यावरून निश्चित दिसते.

परंतु उपमा ही उपमा. प्रत्यक्ष धार कशी लावावी याची माहिती हवी असेल, तर सुश्रुतसंहितेकडे वळले पाहिजे. या ग्रंथाच्या सूत्रस्थानातील आठव्या अध्यायात शल्यकर्माच्या शस्त्रांचा विचार आहे. कोणत्या शस्त्राची धार किती बारीक असावी याची मापे तेथे दिली आहेत. काही शस्त्रांची धार मसुरीच्या डाळीइतकी, काहींची तिच्या निम्मी, काहींची केसाइतकी, तर छेदन करणाऱ्या शस्त्रांची अर्ध्या केसाइतकी असावी, असा तो क्रम आहे. शस्त्राला धार लावण्यासाठी उडदाच्या रंगाची गुळगुळीत शिला घ्यावी आणि लावलेली धार नीट बसविण्यासाठी शाल्मलीची, म्हणजे सावरीच्या लाकडाची, फळी वापरावी, असेही सुश्रुत सांगतो. शस्त्र चांगले परजले गेले याची खूण कोणती? तर त्याने रोम कापला गेला पाहिजे.

वाचकांनी या तीन गोष्टी ध्यानात घ्याव्यात : गुळगुळीत दगड, धार बसविण्याचे मृदू साधन, आणि केसावरील परीक्षा. आमच्या आजोबांच्या धोकटीत पथरी होती, चामड्याचा पट्टा होता, आणि धार पाहण्याकरिता ते डोक्याचाच एक केस उपटून पात्यावर धरीत. सावरीच्या फळीच्या जागी चामडे आले, एवढाच फरक. त्यांनी सुश्रुताचे नावदेखील ऐकले नसावे. पण सुश्रुताची रीत त्यांच्या हातात होती. खेडोपाडी गळू फोडणे, काटा काढणे, नखुरडे कापणे ही कामेही नाभिकच करीत असे, हे लक्षात घेतले म्हणजे या साम्याचे फारसे आश्चर्य वाटत नाही.

आता पात्याच्या पोलादाकडे वळू. बारा बलुतेदारांपैकी एक या नात्याने आपले पूर्वज गावाची श्मश्रू करीत व सुगीच्या वेळी धान्यरूपाने बलुते घेत. त्यांचा जुना देशी वस्तरा आखूड, रुंद व जाड पाठीचा असे. त्याचे पाते पाचरीसारखे, पाठीकडून धारेकडे सरळ उतरत गेलेले, असे घडविलेले असे. तो जड असे. पण हाताचा भार न देता स्वतःच्या वजनाने चाले.

हिंदुस्थानचे पोलाद त्या काळी जगात नावाजलेले होते. इ. स. १७९५ मध्ये जॉर्ज पिअर्सन या विद्वानाने लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे एक निबंध ठेवला. मुंबईच्या डॉ. स्कॉट यांनी सोसायटीचे अध्यक्ष सर जोसेफ बँक्स यांच्याकडे पाठविलेल्या पोलादाच्या वड्यांचे पृथक्करण हा त्याचा विषय. हे पोलाद मुंबईस होते व तेथे त्यास ‘वूट्झ’ म्हणतात, असे निबंधाच्या शीर्षकातच म्हटले होते. वस्तुतः वूट्झचे माहेरघर दक्षिण हिंदुस्थानातील भट्ट्या हे होय. मुंबईच्या मार्गाने ते गेले म्हणून मुंबईचे नाव त्यास चिकटले. पुढे लंडनचा हत्यारे घडविणारा कारागीर जेम्स स्टोडार्ट आणि विद्युच्छास्त्रामुळे कीर्ती पावलेला मायकेल फॅरेडे या दोघांनी वूट्झचा व मिश्र पोलादांचा अभ्यास करून त्यावरील निबंध १८२० व १८२२ मध्ये प्रसिद्ध केले. उत्तम पात्याचे रहस्य शोधू पाहणाऱ्या विलायती शास्त्रज्ञांना आपल्या देशाच्या पोलादाची कसून परीक्षा करावीशी वाटली, ही गोष्ट आपल्या मुलांना ठाऊक असावयास हवी.

तथापि त्याच सुमारास इंग्लंडात शेफील्ड शहराचा उदय झालेला होता. इ. स. १७४० च्या सुमारास बेंजामिन हंट्समन या घड्याळजीने, घड्याळाच्या स्प्रिंगांसाठी चांगले पोलाद हवे म्हणून, मुशीत पोलाद वितळविण्याची रीत तेथे बसविली. त्यामुळे एकजीव पोलाद मिळू लागले आणि शेफील्डचे वस्तरे जगभर गेले. त्यानंतर जर्मनीतील सोलिंगेन हे गाव पुढे आले. तेथील कारागिरांनी पाते दोन्ही अंगांनी पोकळ घासून धारेजवळ कागदासारखे पातळ करण्याची कला पूर्णत्वास नेली. असे पाते पट्ट्यावर फिरविले म्हणजे त्यातून एक बारीक नाद निघतो. जुन्या माणसांना तो अजून आठवत असेल. सोलिंगेन या नावाचा गैरवापर होऊ नये म्हणून १९३८ मध्ये जर्मनीत स्वतंत्र कायदा करण्यात आला, यावरून त्या नावाची पत समजते. आपल्या धोकट्यांत जे विलायती वस्तरे सापडतात, त्यांवर बहुधा या दोहोंपैकी एका गावाचे नाव कोरलेले असते. वस्तरा टाकण्यापूर्वी पात्याच्या मुठीकडील भागावरील अक्षरे भिंगाखाली वाचून पाहावीत, अशी आमची सूचना आहे.

आता मुख्य विषय. धार कमानदार का असते? याची कारणे दोन.

पहिले कारण असे की, कित्येक वस्तरे, विशेषतः शेफील्डचे जुने रुंद वस्तरे, मुळातच तसे घडविलेले असत. सरळ धारेचे पाते गालावर ठेवले असता ते लांबवर एकदम टेकते व त्याचा कोपरा कातडीत रुतण्याचा संभव असतो. कमानी धारेचा थोडाच भाग एका वेळी टेकतो. त्यामुळे हनुवटीखालचा खळगा, जबड्याचा कोन, कानामागची जागा अशा ठिकाणी ती सहज फिरते. ज्यांना गालांप्रमाणेच सबंध डोके भादरावे लागे, त्या आपल्या पूर्वजांना अशी धार सोयीचीच वाटली असली पाहिजे.

दुसरे कारण पथरीत आहे. वर्षानुवर्षे वापरून पथरी मध्यभागी खोलगट होते. तिच्यावर पाते आडवे ठेवले म्हणजे त्याची दोन टोके पथरीच्या उंच कडांवर टेकतात व मध्य अधांतरी राहतो. अर्थात टोके अधिक झिजतात, मध्य कमी झिजतो, आणि सरळ धारेला हळूहळू कमान येते. म्हणजे अशा वस्तऱ्याची कमान ही त्या घरातील पथरीची व तिच्यावर राबलेल्या हातांची जणू नोंदवहीच होय.

येथे एक भेद सांगणे अवश्य आहे. धारेचा मध्य पुढे आलेला असेल, तर ती कमान चांगली. परंतु मध्य आत गेलेला व दोन्ही टोके पुढे आलेली असतील, तर तो मात्र खरा दोष होय. पथरीच्या कडा झिजून मध्य उंच राहिला, अथवा मध्यावरच नेहमी जोर पडला, म्हणजे असे होते. अशा पात्याची टोके कातडीला लागतात आणि मध्यभाग केसापर्यंत पोचतच नाही. त्याची दुरुस्ती जाणत्याकडूनच करून घ्यावी.

कमानी धारेचा वस्तरा घरी कसा लावावा, हे आता क्रमाने सांगतो.

प्रथम पथरी सपाट करावी. तिच्यावर पेन्सिलीने आडव्याउभ्या रेघा ओढाव्यात, काचेच्या जाड तुकड्यावर पाण्यात भिजविलेला पॉलिशपेपर ठेवावा, आणि सर्व रेघा पुसल्या जाईपर्यंत पथरी त्यावर घासावी. जी रेघ पुसली जात नाही ती जागा खोल आहे, असे समजावे. जुनी पथरी नसल्यास बाजारात कृत्रिम दगड मिळतात. त्यांवर भरडपणाचे अंक असतात. बोथट पात्यास १,००० अंकाचा, नंतर ४,००० च्या आसपासचा व शेवटी ८,००० अथवा त्याहून बारीक, असे चढत जावे. सुतार-गवंड्यांकडे असणारा कार्बोरंडमचा भरड दगड वस्तऱ्याच्या कामाचा नव्हे. कार्बोरंडम हा पदार्थ अमेरिकेत एडवर्ड अचेसन याने १८९१ मध्ये शोधून काढला. जाड हत्यारांना तो उत्तम, पण वस्तऱ्याच्या धारेचे तो दाते करून ठेवतो. बेल्जमच्या आर्देन भागातील पिवळसर पथरी वस्तऱ्यासाठी फार नावाजलेली आहे. तिच्यातील अतिसूक्ष्म गार्नेटचे कण पोलाद हळुवार घासतात. रुंद पथरीपेक्षा अरुंद पथरी कमानी धारेस अधिक मानवते, हेही ध्यानात ठेवावे.

दुसरी गोष्ट पात्याची बैठक. वस्तरा पथरीवर ठेवताना पाठ व धार ही दोन्ही टेकली पाहिजेत. पाठ कधीही उचलू नये. पाठीची जाडी व पात्याची रुंदी यांवरून धारेचा कोन आपोआप ठरतो. तो सामान्यतः १६ ते १८ अंशांच्या आसपास असतो. घडविणाऱ्याने हा कोन पात्यातच बांधून दिला आहे; आपण तो फक्त पाळावयाचा.

तिसरी व सर्वांत महत्त्वाची गोष्ट हाताचे वळण. सरळ धार सपाट पथरीवर एकदम सर्वत्र टेकते, कमानी धार टेकत नाही. बैलगाडीचे चाक एका वेळी जमिनीला एकाच जागी टेकते, तथापि एका फेऱ्यात सबंध धाव जमिनीवरून जाते. तद्वत् येथे समजावे. पथरी लांबीने आपल्यासमोर ठेवावी. पाते तिच्या जवळच्या टोकाशी आडवे ठेवून प्रथम मुठीकडील भाग टेकवावा. धार पुढे करून पाते पथरीवरून पुढे न्यावे व त्याच वेळी ते मुठीच्या दिशेने बाजूला ओढीत जावे, म्हणजे पथरीचा स्पर्श मुठीकडून शेंड्याकडे सरकेल. हे होत असताना मूठ धरलेला हात किंचित, अगदी किंचित, वर घ्यावा. पथरीच्या दूरच्या टोकास पोचेपर्यंत धारेचा शेंडा टेकलेला असावा. मग पाते पाठीवरच उलटावे, धारेवर कधीही उलटू नये, आणि तीच क्रिया दुसऱ्या अंगाने आपल्याकडे करीत यावे. जोर मुळीच देऊ नये. पात्याचे वजन पुरे. दोन्ही अंगांचे फेरे सारखे मोजावेत. पथरीवर पाणी असू द्यावे.

धार सर्वत्र टेकते की नाही, हे कसे कळावे? धारेच्या दोन्ही अंगांस काळ्या शाईची बारीक रेघ ओढावी, चार फेरे करावेत व पाहावे. जेथील शाई गेली तेथे पथरी पोचली. जेथे राहिली तेथे पोचली नाही. मध्यावर शाई गेली व टोकांशी राहिली असेल, तर हाताचे वर घेणे कमी पडते. टोकांशी गेली व मध्यावर राहिली, तर पथरी पुन्हा तपासावी. जुन्या माणसांना शाईची गरज नसे. पात्यावर पाण्याची लाट कशी चढते हे ते पाहत, व पथरीचा आवाज ऐकत. नवशिक्याने मात्र शाईचा आधार घेण्यात कमीपणा मानू नये.

पथरीनंतर पट्टा. पट्ट्यावर पाते उलट दिशेने, म्हणजे पाठ पुढे व धार मागे ठेवून फिरवावे. अन्यथा चामडे कापले जाईल. येथेही कमानीप्रमाणे हात थोडा वळवावा. प्रथम जाड कापडावर वीसपंचवीस व नंतर चामड्यावर पन्नाससाठ फेरे पुरेत. पट्टा ताठ धरावा. तो ढिला राहिल्यास धार गोल होते. शेवटी केसाची परीक्षा. ती मुठीकडे, मध्यावर व शेंड्याशी अशी तीन ठिकाणी घ्यावी. तिन्ही ठिकाणी केस सारखा तुटला, तर धार बसली. काम संपल्यावर पाते कोरडे पुसून शिलाई यंत्राच्या तेलाचा हात द्यावा.

एवढी सूक्ष्म विद्या मागे का पडली? याचा काही भाग उद्योगाच्या इतिहासात आहे. अमेरिकेत किंग जिलेट याच्या सुटे पाते बसविण्याच्या यंत्राची विक्री १९०३ मध्ये सुरू झाली. त्या पहिल्या वर्षी अवघी ५१ यंत्रे खपली. पण पहिल्या महायुद्धात अमेरिकन सैनिकांना अशी यंत्रे देण्यात आली, आणि घरोघर स्वतःची दाढी स्वतः करण्याची चाल पडली. आपल्या देशात १९८६ मध्ये एड्सच्या विषाणूची लागण प्रथम आढळली. त्यानंतर एकच वस्तरा अनेकांना वापरणे धोक्याचे, हे लोकांना पटत गेले आणि दुकानांतून दर गिऱ्हाइकास नवे पाते लावण्याची पद्धत रूढ झाली. हा बदल योग्यच होय. जुन्या वस्तऱ्याने दुकानात पुन्हा दाढ्या कराव्यात, असे आमचे म्हणणे मुळीच नाही. घरी ज्याचा वस्तरा त्यानेच वापरावा.

परंतु दुसरा भाग आपल्या मनाचा आहे. शिक्षण व नोकरी मिळविताना आपल्यापैकी अनेकांना धोकटीची लाज वाटू लागली. ज्या समाजाने या हत्याराला हलके ठरविले, त्याचेच मत आपण नकळत उचलले. येथे एका घटनेचे स्मरण देणे आम्हांस अवश्य वाटते. विधवांचे सक्तीने केशवपन करण्याची क्रूर चाल उच्च म्हणविणाऱ्या जातींत होती, आणि ते काम नाभिकाकडून करून घेतले जाई. १८९० मध्ये मुंबईत सत्यशोधक चळवळीचे व कामगारांचे पुढारी नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने नाभिक बंधू एकत्र जमले व विधवांच्या मस्तकावर वस्तरा चालविणार नाही, असा त्यांनी निर्धार केला. हाती रोजचा घास देणारे हत्यार असताना ते कोठे चालवावयाचे नाही हे ज्यांनी ठरविले, त्यांच्या वस्तऱ्याला हलके म्हणण्याचा अधिकार कोणास आहे?

आम्ही सारी हयात शाळेत घालविली. वाफेच्या यंत्राचा इतिहास मुलांना शिकविला. तो शिकविणे योग्यच होते. पण पथरी सपाट ठेवणे, पात्याचा कोन पाळणे, कमानीमागून हात वळविणे ही देखील बुद्धीचीच कामे आहेत, आणि ती ज्यांनी केली ते अक्षरशत्रू असले तरी अज्ञ नव्हते. त्यांनी लिहून ठेवले नाही, याचे कारण त्यांना लेखणीच मिळाली नाही. आज ती आपल्या प्रत्येक घरात आहे.

म्हणून सभासद कुटुंबांस आमची विनंती अशी की, घरात वडिलार्जित वस्तरा असेल तर तो मोडीत घालू नये व चाकावर धरू नये. त्याची धार कमानी असेल तर ती तशीच राखावी. वस्तरा, पथरी व पट्टा ही तिन्ही एकत्र ठेवून, ती कोणाची, कोणत्या गावची, त्यांवर कोणती अक्षरे आहेत, हे एका कागदावर लिहून सोबत ठेवावे. ज्या घरांत धार लावणारे वृद्ध अजून आहेत, तेथील मुलांनी एक दिवस त्यांच्याजवळ बसून त्यांचे हात चालताना पाहावेत, त्यांचे शब्द त्यांच्याच भाषेत टिपून घ्यावेत, आणि मग स्वतः पाते हाती घेऊन पाहावे. चलच्चित्र घेण्याची सोय आता बहुतेकांच्या खिशात असते; तिचा याहून चांगला उपयोग कोणता? अशा नोंदी मंडळाकडे आल्या, तर पुढील स्मरणिकांतून त्या क्रमाने छापता येतील, व आपल्या विद्येचा जो ग्रंथ कोणी लिहिला नाही तो आपल्याच घराघरांतून तयार होईल. हे काम वृद्ध मंडळी हयात आहेत तोवरच होण्यासारखे आहे, एवढे सांगून आम्ही हा लेख पुरा करतो.